टेकू आणि बार

"पिंजरा मध्येच थांबवायचा," आत्या म्हणाल्या, आणि काही विशेष न बोलल्यासारख्या पुन्हा कांदा चिरायला लागल्या.

थोरली सून दारातच थबकली. शाळेतून ती थेट इकडे आली होती. बोटांना अजून खडू होता. आत ओट्याजवळच्या स्टुलावर घंटी बसली होती, आणि तिच्या हातातलं गाजर तोंडाशी जाता जाता अडकलं होतं.

"कोणता पिंजरा?" सुनेनं विचारलं.

"पोपटाचा," घंटी म्हणाली. "वहिनी, कोणता म्हणजे काय! खाणीचा. उद्याचा. आत माणसं असताना. आणि थांबवायचा कोणी, तर मी."

घंटी ही धाकट्यांची, म्हणजे आत्यांच्या धाकट्या भावाची, मुलगी. खाणीच्या तोंडाशी जे अवाढव्य यंत्र माणसांचा पिंजरा दोरावर खाली-वर करतं, ते ती चालवायची. तिला सगळी खाण घंटी म्हणायची, कारण कामावर असताना ती इशाऱ्याच्या घंटीशिवाय कोणाचंच ऐकत नसे. मॅनेजरचंसुद्धा.

"माणसं कसली? तुझा बाप आणि हिचा सासरा," आत्या म्हणाल्या. "जरा वेळ लटकवून ठेव. दोघं काही विरघळणार नाहीत."

सून आत आली आणि मुकाट्यानं लसूण सोलायला बसली. आत्यांच्या स्वयंपाकघरात रिकाम्या हातानं बसलं की त्या माणसाला कटात घेत नाहीत, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

प्रश्न तसा साधा होता. जमिनीखालची जुनी खाण उद्या कायमची बंद होणार होती, आणि पलीकडची उघडी खाण पसरत पसरत वसाहतीच्या कुंपणाला येऊन भिडली होती. घरांच्या खाली कोळसा होता. म्हणजे घरं जाणार. लोकांना दोन ठिकाणी नवी घरं मिळणार होती: काहींना शहराच्या अंगाला, काहींना डोंगरापलीकडे. कुठलं हवं ते परवाच्या आत ऑफिसात सांगायचं होतं. थोरले, म्हणजे सुनेचे सासरे, म्हणत होते शहर. ते कळल्यावर धाकट्यांनी लगेच डोंगर धरला. थोरल्यांनी डोंगर म्हटला असता, तर धाकटे शहरात गेले असते, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

आणि आत्या? त्या दोघांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून दोन्ही भावांच्या मधल्या खोलीत राहत होत्या. सकाळचा चहा थोरल्यांकडे, संध्याकाळचा धाकट्यांकडे. मधल्या वेळात निरोप. "त्याला सांग, त्याचा नळ गळतोय," असं थोरले एवढ्या मोठ्यानं सांगायचे की भिंतीपलीकडे धाकट्यांना शब्दन् शब्द ऐकू जायचा. तरीही आत्यांनी उठून, उंबरा ओलांडून, तो निरोप पोचवल्याशिवाय धाकटे नळाला हात लावत नसत.

"ऑफिसवाले मला एकाची निवड करा म्हणतात," आत्या कांद्याच्या डोळ्यांनी म्हणाल्या. "ह्या वयात? दोघांनाही मी नाक पुसायला शिकवलंय. बोलू देत एकदाचे एकमेकांशी. एकमेकांच्या शेजारी घरं घेऊ देत. एवढंच."

"आत्या, मी पिंजरा थांबवणार नाही," घंटी म्हणाली. तिचा आवाज एकदम कामावरचा झाला. "घरात तू सांगशील ते करीन. तिथं नाही. दोराला माणसं लटकलेली असताना मी गंमत करत नाही."

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग सुरी खाली ठेवली.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. थांबवू नकोस. पण दोघांनाच आत चढवायला तर तुझी हरकत नाही ना? खाली जाईस्तोवर जो काय मिनिट-दीड मिनिट मिळेल तो."

"दोघांनाच? मामंजी चढतील?" सून म्हणाली. "काकांची सावली दिसली तरी ते रस्ता बदलतात."

"म्हणून तर तुला बोलावलं," आत्या म्हणाल्या, आणि सुनेच्या लक्षात आलं की आपण आल्यापासून सोललेला लसूण आठवडाभर पुरेल एवढा झाला आहे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीच्या तोंडाशी लग्नघरासारखी गर्दी होती. ज्यांनी आयुष्य खाली काढलं त्या निवृत्त माणसांना एकदा शेवटचं खाली नेऊन आणायचं, असं मॅनेजरनं ठरवलं होतं. म्हाताऱ्यांनी जुने बूट काढले होते. कोणाच्या पायाला ते आता होत नव्हते, कोणाच्या पोटाला पट्टा पुरत नव्हता. टोप्या आणि दिवे वाटले जात होते. इतकी वर्षं दिव्यांची खोली आत्यांनीच सांभाळली होती, त्यामुळे आज कोणी न सांगताही त्या खिडकीत जाऊन बसल्या होत्या आणि नव्या कारकुनाला बाजूला सारून प्रत्येक दिवा स्वतः लावून बघत होत्या.

यंत्राच्या खोलीत घंटी सकाळपासून आपल्या जागेवर बसली होती. तिच्यासमोर मोठं चक्र, दोर किती उतरला ते दाखवणारा काटा, हाताशी ब्रेक, आणि कोपऱ्यात पिंजऱ्यातल्या फोनचा कर्णा. आज तिचाही ह्या यंत्रावरचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून तिला उघड्या खाणीवर पाठवणार होते. हे घरात कोणी बोललं नव्हतं. सगळे आपापल्या घरांच्या चिंतेत होते. तिनं ब्रेकची मूठ फडक्यानं पुसली. नंतर कारण नसताना पुन्हा एकदा पुसली.

बाकीचे बहुतेक म्हातारे खाली जाऊन आले आणि शेवटची फेरी उरली, तेव्हा पिंजऱ्याशी सून आपल्या कामाला लागली. पिंजऱ्याला दोन्ही बाजूंनी दारं होती. एका बाजूनं तिनं सासऱ्यांना आणलं, "मामंजी, आत्या, मी, शेजारचे दोघंतिघं, सगळे एकदम जाऊ" असं म्हणत. पलीकडच्या बाजूनं आत्या धाकट्यांना हाताला धरून आणत होत्या, "अरे, माझा गुडघा दुखतो, तू धर मला," असं म्हणत. दोन्ही भाऊ पाठ वळवून चढले, जशी म्हातारी माणसं बसमध्ये चढतात, आधी पाय, मग कंबर, मग शिव्या. आणि वळून बघतात तोवर सून म्हणाली, "अगं बाई, चपला! ह्या चपला आत चालत नाहीत म्हणे," आणि उतरली. आत्या म्हणाल्या, "माझ्याच्यानं नाही बाई हे व्हायचं," आणि दुखऱ्या गुडघ्यानं टुणकन मागे सरल्या. शेजारचे दोघंतिघं मुळात चढलेच नव्हते. त्यांना आदल्या संध्याकाळीच भजी खाऊ घातली होती.

दारावरच्या माणसानं खटकन दोन्ही दारं लावली आणि घंटा दिली.

यंत्राच्या खोलीत घंटीनं ब्रेक सोडला. चक्र फिरलं. काटा हलला. तिला वाटलं, बाबा आता पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून उभे असतील आणि काका दुसऱ्या जाळीला. मिनिटभरात काय बोलणार आहेत हे?

काटा निम्म्यावर आला, आणि खोलीतले सगळे दिवे गेले. ब्रेक आपोआप दणकन बसला. चक्र थांबलं.

घंटीनं चक्राकडे पाहिलं. मग तिच्या तोंडून निघालं, "आता कोणाला पटणार आहे हे!"

*

पिंजऱ्याला झटका बसला, तो थोडा खालीवर झुलला आणि स्थिर झाला. आत अंधार. टोपीवरच्या दोन दिव्यांचे दोन उजेड, एक उजव्या जाळीवर, एक डाव्या.

टोपीवरच्या दिव्याची एक पंचाईत असते. माणूस जिकडे बघतो तिकडे उजेड पडतो, त्यामुळे चोरून बघता येत नाही. थोरल्यांना धाकट्यांचा हात जाळीला घट्ट धरलेला आहे की नाही हे बघायचं होतं, पण बघितलं असतं तर तो हात उजळला असता. म्हणून ते समोरच्या ओल्या दगडाकडे बघत राहिले. धाकट्यांना थोरल्यांचा श्वास नीट चाललाय का ते ऐकायचं होतं. ऐकायला दिवा लागत नाही, म्हणून त्यांनी कान टवकारले.

फोन वाजला. तो बॅटरीवर चालायचा. धाकट्यांनी उचलला.

"बाबा, वीज गेलीय," घंटीचा आवाज आला. "ब्रेक बसलाय, घाबरण्यासारखं काही नाही. इलेक्ट्रिशियन गेलाय. दोघं शांत उभे राहा. जाळीला टेकू नका."

"वीज गेलीय," धाकटे म्हणाले.

"हो."

"बरोबर मध्यावर."

"बाबा, खरंच गेलीय!"

धाकट्यांनी फोन ठेवला. वरून पाण्याचे थेंब टोप्यांवर टपटपत राहिले.

"वीज गेली म्हणे," धाकटे समोरच्या दगडाला म्हणाले.

थोरल्यांचा उजेड जरासा हलला. "मला सांगितलंस का?" त्यांनीही आपल्या बाजूच्या दगडाला विचारलं.

"नाही. दगडाला सांगितलं."

"मग ठीक आहे."

मग थोरल्यांना हसू यायला लागलं. त्यांनी ते दाबलं, तर ते नाकातून बाहेर पडलं.

"काय झालं?" धाकट्यांनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हा प्रश्न दगडाला नव्हता.

"काही नाही. तिचा गुडघा. टुणकन उडी मारून उतरली. बघितलंस?"

"बघितली! बकरीसारखी!"

दोन्ही उजेड एकदम वळले आणि एकमेकांच्या डोळ्यांत गेले. दोघांनी हात आडवे धरले, डोळे मिटले, शिव्या दिल्या. उजेड खाली घेतले तेव्हा दोघांच्याही बुटांवर दोन वर्तुळं पडली.

"म्हातारा झालायस," थोरले म्हणाले.

"तू काय लहान झालायस?"

एकेकाळी खाणीत थोरले छताला लाकडी टेकू द्यायचे आणि धाकटे सुरुंगाचे बार उडवायचे; त्या काळातल्या मोठ्या संपानंतर हे पहिलं बोलणं. संपात सगळी खाण बंद होती, धाकटे फाटकावर भाषणं करत होते, आणि थोरले रोज पहाटे एकटे खाली जात होते. धाकट्यांनी एका दुपारी चुन्याचा डबा घेतला आणि भावाच्या दारावर हातभर अक्षरांत एक शब्द लिहिला. थोरल्यांनी तो पुसला नाही. दर वर्षी दार रंगवलं, निळं, मग हिरवं, मग तपकिरी, पण ती अक्षरं सोडून. बारीक ब्रश घेऊन, कडेकडेनं, तासन् तास. वसाहतीत नवीन येणारा माणूस ते दार बघून आधी दचकायचा आणि मग रंगकामाचं कौतुक करायचा.

"एक विचारू?" थोरले म्हणाले.

"विचार."

"गद्दारमध्ये द किती?"

धाकट्यांनी टोपीवरचा दिवा चाचपला.

"तू एकच लिहिलायस. गदार. इतकी वर्षं मी वाट बघतोय, आज ना उद्या हा डबा घेऊन येईल आणि राहिलेला द लावून जाईल. जागाही ठेवलीय मी. नाहीतर कधीच पुसलं असतं."

"घाईत होतो," धाकटे म्हणाले. मग म्हणाले, "तुला वाटतं मला माहीत नव्हतं? रोज त्या दारावरून जात होतो. पहिल्याच दिवशी लक्षात आलं. पण नीट करायला येणार कसा? तू दारात उभा असायचास."

"तू येशील म्हणून उभा असायचो."

थेंब पडत राहिले. थोरल्यांनी घसा खाकरला.

"मी कोळसा काढायला नव्हतो जात," ते म्हणाले. ह्या वेळी आवाजात गंमत नव्हती. "तुमच्या बोगद्यातले टेकू वाकायला लागले होते. रोज कोणी बघितलं नसतं तर संप मिटल्यावर पहिल्या पाळीला तूच पहिला आत गेला असतास. पहिला बार तूच उडवणार. आणि छत..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"माहीत आहे," धाकटे म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्याच पाळीला. आत गेलो तर सगळं लाकूड नवं. तुझ्या हातची पाचर ओळखू येते मला, डोळे मिटून." ते थांबले. "मग बोलायला यायचं होतं. पण आधी तू बोलशील म्हणून थांबलो. आणि मग थांबायची सवयच लागली."

थोरल्यांनी हात पुढे केला. धाकट्यांना तो दिसला नाही, कारण त्यांचा उजेड खाली होता. त्यांनी मान वर केली तेव्हा थोरल्यांचा हात हवेत तसाच होता, आणि थोरले त्याच्याकडे असे बघत होते जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे. धाकट्यांनी तो धरला. दोघांनीही फार वेळ धरला नाही. पण सोडला तो एकदम नाही.

"हे सगळं ताईचं काम," धाकटे नाक ओढत म्हणाले. "माझ्या पोरीला फितवलं तिनं."

"तुझ्या पोरीला आणि माझ्या सुनेला. चपला म्हणे! बूट घालून आली होती ती, मी बघितले ना."

"आता वर गेलो आणि हसत उतरलो, तर?"

"तर मरेपर्यंत ऐकावं लागेल," थोरले म्हणाले. "रोज. सकाळी माझ्याकडे, संध्याकाळी तुझ्याकडे. मी नसते तर, मी नसते तर."

मग दोन म्हाताऱ्या चेहऱ्यांवर तेच भाव उमटले, जे लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडायच्या आधी उमटायचे. धाकट्यांनी फोनकडे उजेड टाकला.

"हा उचलून लटकता सोडला की वर कर्ण्यातून सगळं ऐकू जातं," ते हळूच म्हणाले. "घंटी म्हणाली होती एकदा."

"मग सोड," थोरले म्हणाले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

*

यंत्राच्या खोलीत आता मावेल तेवढी माणसं होती: आत्या, सून, घंटी, मॅनेजर, आणि मॅनेजरच्या मागे दारात आणखी काही डोकी. आत्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि जो येईल त्याला सांगत होत्या, "हिनं नाही थांबवला. मी थांबव म्हटलं होतं, पण हिनं साफ नाही सांगितलं." ह्यानं घंटीचं काही भलं होत नव्हतं. मॅनेजरनं तिच्याकडे एकदा रोखून बघितलं होतं.

"साहेब, सबस्टेशनवर विचारा," घंटी म्हणाली. "सगळ्या खाणीची वीज गेलीय. तुमच्या ऑफिसातला पंखापण मीच बंद केला का?"

तेवढ्यात कर्ण्यातून खर्रर्र आवाज आला आणि मग थोरल्यांची डरकाळी.

"लाज वाटत नाही तोंड वर करून बोलायला?"

सुनेनं तोंडावर हात ठेवला. सासऱ्यांचा एवढा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

"लाज तुला वाटायला पाहिजे!" धाकटे गरजले. "गद्दार!"

"दोन द लाव, दोन!"

"काय?" मॅनेजर म्हणाला.

"मी डोंगरावर जाणार, आणि ताईला तू घेऊन जा शहरात! मला नको ती!"

"मी? मी कशाला? ती घोरते. तिच्या घोरण्यानं नव्या घराचं छत खाली येईल. आयुष्यभर छतं धरली मी, आता जमायचं नाही!"

"आणि तिच्या भाजीत मीठ? कोणी मोजलंय कधी? मी सुरुंगाच्या दारूला घाबरलो नाही, पण तिच्या वांग्याला घाबरतो!"

खोलीतलं कोणी आत्यांकडे बघेना. घंटी काट्याकडे बघत होती, सून खिडकीकडे. मॅनेजर स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "आवाज बंद करता येतो का ह्याचा?"

"नाही," आत्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "ऐकू द्या."

मग धप्प असा आवाज आला. पुन्हा धप्प. कोणीतरी "अयायाया" ओरडलं. सुनेचा धीर सुटला. "मारामारी चाललीय! मामंजींना ब्लडप्रेशर आहे! घंटी, काहीतरी कर ना!"

"वीज नाही, वहिनी!"

"सोड, दादा, सोड!" कर्ण्यातून धाकटे किंचाळले. "गळा सोड, दादा!"

आत्यांची मान वर झाली.

त्या अगदी हळू खुर्चीत मागे रेलल्या. संपाच्या दिवसापासून आजवर धाकट्याच्या तोंडून त्यांनी थोरल्यासाठी काय काय ऐकलं नव्हतं! तो टेकू. भिंतीपलीकडचा. तुझा भाऊ. मोठा शहाणा. पण एवढ्या सगळ्या वर्षांत त्यांनी दादा हा शब्द एकदाही ऐकला नव्हता. आणि आता गळा दाबला जात असताना, किंकाळीतही, तो इतक्या सहज आला होता, जणू कोणी ताटातली भाकरी पुढे सरकवावी.

डोळे भरून आले. सुनेनं ते पाहिलं आणि त्यांना जवळ घेतलं.

"रडू नका, आत्या."

"नाही गं," आत्या म्हणाल्या. शालीच्या टोकानं डोळे पुसता पुसता त्यांनी ते टोक जरा जास्तच वेळ तोंडावर धरून ठेवलं. त्याच्या आड त्या काय करत होत्या ते कोणाला दिसलं नाही.

मी घोरते काय, त्या मनात म्हणाल्या. थांबा.

दिवे आले. घंटी सगळ्यांना विसरून यंत्राकडे वळली. तिनं काटा बघितला, दोर बघितला, घंटेची वाट बघितली, आणि मगच ब्रेक सोडला. आपल्या आयुष्यातला त्या यंत्रावरचा हा शेवटचा पिंजरा तिनं इतक्या अलगद वर आणला की तो थांबला तेव्हा आतल्या दोघांना कळलंही नाही.

*

दार उघडलं. थोरले उजव्या बाजूनं उतरले, धाकटे डाव्या बाजूनं. चेहरे दगडासारखे. थोरल्यांची टोपी वाकडी होती आणि धाकट्यांच्या सदऱ्याचं एक बटण तोडलेलं होतं; ते त्यांनी स्वतःच तोडलं होतं आणि बायकोनं शिवलेलं होतं म्हणून जपून खिशात ठेवलं होतं.

सगळी गर्दी दोन्ही बाजूंनी मागे सरली. मध्ये जिना उतरून आलेल्या आत्या उभ्या होत्या.

"ताई," थोरले करड्या आवाजात म्हणाले, "ह्याला सांग, आता ह्याचं तोंड बघणार नाही."

"ताई, त्याला सांग, माझ्या तोंडात त्याच्यासारखं बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण दाखवणार नाही," धाकटे म्हणाले. वाक्य फसलं होतं. थोरल्यांच्या ओठाचा कोपरा थरथरला आणि त्यांनी तो दाताखाली धरला.

आत्यांनी नेहमीसारखा निरोप पोचवला नाही. त्यांनी मान खाली घातली. मग रडक्या आवाजात म्हणाल्या, "मी सगळं ऐकलं. मी घोरते. मी मीठ जास्त घालते. तुमच्या दोघांनाही मी नको."

दोघं भाऊ जरा चुळबुळले.

"बरोबर आहे तुमचं," आत्या पुढे म्हणाल्या. "म्हाताऱ्या बहिणीनं भावांच्या गळ्यात का पडावं? मॅनेजरसाहेब, माझं नाव दोघांच्याही घरात घालू नका. कुठंतरी लांब, कोपऱ्यात, एक खोली द्या. एकटीची. पडून राहीन."

"अगं, ताई..." थोरले म्हणाले.

"मेले तर कळेल शेजाऱ्यांना. वास आल्यावर."

"ताई!" धाकटे दोन पावलं पुढे आले. "असं काय बोलतेस! अगं, ते आम्ही गंमत करत होतो!"

"गंमत?"

"खोटं भांडत होतो!" थोरले ओरडले. "हा नुसता पिंजऱ्याला लाथा मारत होता! आम्ही शेजारी शेजारी घरं घेणार आहोत. डोंगरावर. का रे?"

"शहरात," धाकटे म्हणाले. "दादा, शहरात ठरलं ना? तुझं ब्लडप्रेशर, तिथं दवाखाना जवळ."

"पण तुला डोंगर आवडतो."

"मला कुठं आवडतो! तू शहर म्हणालास म्हणून मी डोंगर म्हणालो!"

सून मटकन एका लोखंडी पिंपावर बसली. यंत्राच्या खोलीच्या जिन्यावर घंटी आली होती. ती कठड्याला धरून, तोंड उघडं टाकून, आपला बाप आपल्या काकांच्या टोपीचा पट्टा सरळ करतोय हे बघत होती. गर्दीत कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच.

आत्यांनी दोघांना टाळ्या संपेपर्यंत उभं राहू दिलं.

"मला ठाऊक होतं," मग त्या म्हणाल्या. "वरती बसूनच कळलं. गळा दाबल्यावर कोणी दादा म्हणतं का रे, मूर्खा?"

धाकट्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"मग रडलीस कशाला?" थोरले म्हणाले.

"तुम्हाला लवकर बोलतं करायला. उन्हात किती वेळ उभी राहणार?"

"म्हणजे झालं तर सगळं," थोरले सुटकेच्या आवाजात म्हणाले. "तीन घरं ओळीनं मागू. मधलं तुझं. सकाळचा चहा माझ्याकडे..."

"नाही," आत्या म्हणाल्या.

ह्या वेळी त्यांच्या आवाजात रडवेपणा नव्हता आणि थट्टाही नव्हती, त्यामुळे दोघांनी त्यांच्याकडे नीट बघितलं.

"एकटीची खोली मागितली ती खरी," त्या म्हणाल्या. "आज नाही, मागच्याच आठवड्यात मागितली. साहेबांना विचारा."

मॅनेजरनं मान हलवली. सुनेनं डोळे विस्फारले. काल कांदा चिरताना ह्या बाईनं ह्यातलं अवाक्षरही काढलं नव्हतं.

"शहरात, रस्त्याच्या वळणावर. खिडकीतून बाजार दिसतो. आधी आईबापांचं घर, मग नवऱ्याचं, मग तुमच्या दोघांच्या मधली जागा. माझी म्हणून खोली मला कधी मिळालीच नाही. आता मिळतेय तर मला ती हवी. कधी उठले, कधी झोपले, किती घोरले, कोणी विचारणार नाही." त्यांनी शाल खांद्यावर नीट घेतली. "फक्त तुम्हाला न बोलता सोडून गेले असते, तर तिथंही झोप लागली नसती. निरोप पोचवायला पुन्हा इतक्या लांबून यावं लागलं असतं, हे वेगळं."

"पण ताई, आम्ही..." धाकटे म्हणाले.

"या ना भेटायला. दोघं मिळून या. दार वाजवून या." त्यांनी एकाच्या गालावर आणि मग दुसऱ्याच्या गालावर हात फिरवला, लहानपणी नाक पुसायच्या आधी फिरवायच्या तसा. मग जिन्याकडे बघून हाक मारली. "घंटी! खाली ये. तुझं यंत्र आज संपलं ना? कोणी विचारलं का तुला, कसं वाटतंय? नाही ना विचारलं? चल, मी विचारते. चालता चालता सांग."

घंटी जिना उतरून आली. आत्यांनी तिचा हात धरला, आणि दोघी फाटकाकडे निघाल्या. घंटी काहीतरी सांगत होती आणि आत्या मान हलवत होत्या. सून थोडा वेळ दोन्ही सासऱ्यांकडे बघत राहिली, मग तीही धावत त्यांच्या मागे गेली.

मैदान रिकामं होत गेलं. दोघं भाऊ तिथंच उभे होते.

"आता?" थोरले म्हणाले.

"आता काय?"

"मला तुझ्याशी काही बोलायचं असलं, तर सांगायचं कोणाला?"

धाकट्यांनी बराच विचार केला.

"मलाच सांगून बघ," ते म्हणाले. "जमलं तर जमलं."